कोठडी आणि तुरुंग

मराठी वर्तमानपत्रात तुम्ही अशी बातमी वाचली असेल : ‘चोरीच्या आरोपावरून तरुणाला अटक. न्यायालयाने पाच दिवसांची पोलीस कोठडी सुनावली.’ ती वाचून पुष्कळ लोक म्हणतात, “त्याला पाच दिवसांची शिक्षा झाली.” पुढे तो निर्दोष सुटला, तरी मोहल्ल्यात त्याला चोरच समजतात. खरे पाहता त्याला शिक्षा झालेलीच नसते!

थोडा दोष ‘सुनावली’ या शब्दाचाही आहे. मराठीत कोठडीही सुनावतात आणि शिक्षाही सुनावतात. म्हणून पुढचा शब्द नीट पाहावा.

कोठडी म्हणजे लहान खोली. अटक केलेल्या माणसाला पोलीस ठाण्यातील ज्या बंद खोलीत ठेवतात, ती कोठडी. उर्दूत तुम्ही तिला हवालात म्हणता. अटकेनंतर प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत आरोपीला दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. हा नियम भारतीय संविधानाच्या २२ व्या अनुच्छेदात आहे. तपासासाठी गरज वाटली, तर दंडाधिकारी त्याला काही दिवस पोलिसांच्या ताब्यात देतात. ही झाली पोलीस कोठडी. ‘न्यायालयीन कोठडी’ मात्र फसवा शब्द आहे. न्यायालयाच्या इमारतीत अशी खोली नसते. न्यायालयीन कोठडी मिळाली, की आरोपीची रवानगी तुरुंगात होते.

तुरुंग हा शब्द पोर्तुगीज भाषेतून मराठीत आला, असे मानतात. सरकारी कागदावर त्याऐवजी ‘कारागृह’ लिहितात, जसे पुण्याचे येरवडा मध्यवर्ती कारागृह. बोलताना लोक जेल म्हणतात. अर्थ एकच.

पण तुरुंगात असलेला प्रत्येक माणूस गुन्हेगार असतो का? नाही. ज्याचा खटला अजून चालू आहे, तो ‘कच्चा कैदी’. गुन्हा सिद्ध होऊन शिक्षा झाली, की तो ‘पक्का कैदी’. २०२२ च्या अखेरीस भारतातील तुरुंगांत दर चार बंद्यांपैकी सुमारे तीन कच्चे कैदी होते. पक्क्या कैद्याला सक्तमजुरीची शिक्षा असेल, तर काम करावेच लागते. ही तुमची ‘कैद बामशक्कत’. अठरा वर्षांखालील मुलांना तर कोठडीतही ठेवता येत नाही आणि तुरुंगातही नाही. त्यांच्यासाठी निरीक्षणगृह असते. जुनी माणसे त्याला अजून रिमांड होम म्हणतात.

खटला न चालवताही माणसाला अडकवून ठेवता येते. मौलाना अबुल कलाम आझाद यांना ऑगस्ट १९४२ मध्ये पकडून अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) किल्ल्यात ठेवले. पंडित नेहरूही तेथेच होते. मौलानांनी ‘गुबार-ए-खातिर’मधील पत्रे याच किल्ल्यात लिहिली. त्यांच्यावर ना खटला चालला, ना शिक्षा झाली. अशा माणसाला मराठीत ‘स्थानबद्ध’ म्हणतात. त्याच काळात गांधीजी व कस्तुरबा पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये होते. राजवाडा मोठा, बागही सुंदर, पण फाटकावर पहारा! कस्तुरबांचे निधन १९४४ मध्ये तेथेच झाले. घरात किंवा वाड्यात पहाऱ्याखाली ठेवणे, याला मराठीत ‘नजरकैद’ हा शब्द आहे.

येथे मात्र जपा. उर्दू बातम्यांत ‘नजरबंदी’ हा शब्द तुम्ही नेहमी ऐकता, म्हणून तो मराठी निबंधात तसाच लिहाल. मराठीत नजरबंदी करतो तो जादूगार! टोपीतून कबूतर काढताना तो आपल्या डोळ्यांना फसवतो, ती नजरबंदी. तेव्हा ‘गांधीजींची नजरबंदी केली’ असे लिहिलेत, तर गुरुजी हसतील. आणि ‘अटकेपार झेंडे लावले’ हे वाचून कोणी पोलिसांच्या हातून निसटला, असेही समजू नका. ती अटक म्हणजे सिंधू नदीकाठचे अटक शहर. मराठ्यांच्या फौजा १७५८ मध्ये तेथवर पोहोचल्या होत्या.