नऊ इंचांचा गैरसमज (रोजच्या व्यवहारातला कायदा : लेखांक ७)

पाते नऊ इंचांच्या आत असले की चाकू खिशात ठेवायला हरकत नाही, असे ठामपणे सांगणारे लोक आपल्याकडे पुष्कळ आहेत. या समजाला आधार आहे, पण अर्धामुर्धा. शस्त्र नियम, २०१६ च्या पहिल्या अनुसूचीत तलवार, खंजीर, भाला यांच्यासोबत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारे धरली आहेत, आणि घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय व औद्योगिक कामासाठी घडवलेल्या वस्तू तिथेच वगळल्या आहेत. हे माप हत्यारांची वर्गवारी करण्यासाठी आहे. त्याहून लहान पाते घेऊन कुठेही फिरावे, अशी मुभा त्यातून मिळत नाही. माझे म्हणणे असे की, लांबीपेक्षा ती वस्तू त्या वेळी, त्या जागी हातात का आहे, हा प्रश्न कायद्याच्या केंद्रस्थानी यायला हवा. आणि तो तसा आलेला नाही, याची झळ उसाच्या पट्ट्याला सर्वांत आधी लागू शकते.

सातारा जिल्ह्यातल्या उंब्रजचेच पाहा. तारळी कृष्णेला मिळते तिथले हे गाव, पुणे-बंगळूर महामार्गावरचे, चहूकडे ऊस. हंगाम सुरू झाला की बीडकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात आणि पहाटेच्या अंधारात बैलगाड्यांतून, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून फडाकडे निघतात. प्रत्येकाजवळ कोयता असतोच. लाकडी मूठ, रुंद पाते. उसाच्या बुडख्याशी एक घाव, मग पाचट काढायचे, शेंड्याचे वाढे छाटायचे आणि मोळी बांधायची. पात्याची रुंदी अनेकदा दोन इंचांच्या पुढे जाते. तरीही शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २ मधील व्याख्येतून केवळ घरगुती वा शेतीच्या उपयोगाच्या वस्तू वगळलेल्या असल्याने हा कोयता हत्यार ठरत नाही. अडचण पुढे आहे. हाच कोयता रात्री कमरेला खोचून कुणी बसस्थानकावर दहशत माजवू लागला, तरी वस्तू तीच राहते. ती कशासाठी घडवली एवढेच पाहायचे, तर मजूर आणि गुंड यांच्यात फरक करता येत नाही.

ही फट बुजवायला पोलीस दुसऱ्या कायद्याकडे वळतात. म्हणूनच गुन्ह्याच्या बातमीत शस्त्र अधिनियमाच्या कलम ४, २५ बरोबर महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ ची कलमे ३७(१) आणि १३५ जोडीने दिसतात. कलम २५ खाली अशा प्रकरणात एक ते तीन वर्षांची कैद आहे, पण त्यासाठी त्या भागाला कलम ४ ची अधिसूचना लागू असावी लागते. कलम ३७ ची झेप मोठी आहे. शहरात पोलीस आयुक्त आणि जिल्ह्यात जिल्हादंडाधिकारी सार्वजनिक शांततेसाठी तलवारी, सुऱ्या, काठ्या, लाठ्या आणि शारीरिक इजा करता येईल अशी ‘कोणतीही’ वस्तू बाळगायला मनाई करू शकतात. मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद, आणि न्यायालयाने कारणे नोंदवली नाहीत तर किमान चार महिने. असे आदेश बहुधा पंधरा-पंधरा दिवसांचे निघतात. दुर्बलतेमुळे काठी टेकावी लागणाऱ्यांना त्यांत सूट असते. ही सूट मला महत्त्वाची वाटते, कारण आधारासाठीची काठी आणि मारामारीची काठी यांतला भेद आदेश काढणाऱ्यालाही कारणावरूनच करावा लागतो.

इंग्लंडने हा प्रश्न कायद्यातच घालून ठेवला. तिथल्या १९८८ च्या फौजदारी न्याय अधिनियमाच्या कलम १३९ नुसार तीन इंचांपर्यंतचा घडीचा चाकू सोडल्यास धारदार वस्तू सार्वजनिक ठिकाणी बाळगणे गुन्हा आहे, पण योग्य कारण असेल तर बचाव मिळतो. काम, धर्म आणि राष्ट्रीय पोशाख यांचा उल्लेख कलमातच आहे. आपल्याकडे शीख बांधवांच्या कृपाणाला संविधानाच्या अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणाने संरक्षण आहे. कामाच्या कारणाला मात्र तितका ठसठशीत शब्द मिळालेला नाही.

यावर कुणी म्हणेल, मग प्रत्येक जण ‘शेतावर चाललोय’ असेच सांगेल. सांगू दे, वेळ, जागा, सोबतचे लोक आणि वर्तन यांवरून ते पडताळता येते. मध्यरात्री धाब्यासमोर उपसलेल्या कोयत्याला फडाचे कारण चिकटत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. कारण खरे की खोटे हे पोलिसाने ठरवायचे, तर गरीब, परजिल्ह्यातला, बोलायला बिचकणारा मजूरच आधी अडकेल. ही भीती खरी आहे. पण आजच्या व्यापक आदेशात ती कमी नाही, उलट अधिक आहे, कारण त्यात कारण विचारण्याचे बंधनच नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने झडती आणि जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रीकरण आवश्यक केले आहे. त्या चित्रीकरणात ‘हे कशासाठी नेतोस?’ हा प्रश्न आणि त्याचे उत्तर आले, तर पुढे न्यायालयापुढे तपासायला काही तरी हाती राहील.

पुण्यात कोयत्याच्या हल्ल्यांनंतर विक्रीच्या वेळी आधार कार्ड पाहण्याचा उपाय पुढे आला. त्यामागची चिंता मी समजू शकतो, पण ओझे खरेदी करणाऱ्या कष्टकऱ्यावर पडते आणि आधीपासून घरोघरी असलेले कोयते तसेच राहतात. त्यापेक्षा साधा बदल कलम ३७ च्या आदेशातच करता येईल : कामासाठी अवजार नेणाऱ्यांना सूट, अशी एक स्पष्ट ओळ. कलम ३७ ला जाहीर प्रसिद्धी अपेक्षित आहेच. तेव्हा साताऱ्यात निघालेला आदेश कारखान्याच्या गट ऑफिसात लागावा, मुकादमांना वाचून दाखवला जावा आणि खोपटांपर्यंत मराठीत पोहोचावा.