शेजारच्या आसनावरचा माणूस

कामगार चळवळीत हयात घालविलेल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत मोटारींच्या शर्यतीवर बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटले. एका वृद्ध गृहस्थांनी तर आम्हांला मंडपाच्या दारातच गाठले आणि विचारले, "अहो, हा श्रीमंतांचा खेळ. तुमचा यात काय संबंध?" प्रश्न रास्त होता. त्याला दिलेले उत्तर जरा सविस्तर लिहावे, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहोत.

ज्या शर्यतीविषयी बोलावयाचे ती अमेरिकेतील इंडियानापोलिस शहरी होते. १९११ साली ती प्रथम झाली, आणि दोन महायुद्धांमुळे पडलेला खंड सोडला तर दरवर्षी होत आली आहे. अडीच मैलांच्या बंदिस्त रस्त्यावर दोनशे फेऱ्या, म्हणजे एकूण ५०० मैल किंवा सुमारे ८०५ किलोमीटर. या मोटारींची चाके उघडी असतात. वर मडगार्ड नाही, बाजूला आडोसा नाही. एकाचे चाक दुसऱ्याच्या चाकाला घासले तर मोटार हवेत उडते. त्यामुळे या खेळात हुशारीला जितका वाव आहे तितकाच मृत्यूलाही आहे.

आम्ही ही शर्यत प्रत्यक्ष पाहिलेली नाही. आमचे शाळेतले शिक्षण बेताचे. पुढचे सारे शिक्षण रद्दीच्या दुकानात आणि कारखान्याच्या दारात झाले. यंत्रांविषयीच्या जुन्या मासिकांतून या शर्यतीच्या हकिकती वाचल्या आणि तिच्या चाहत्यांच्या आठवणी वाचण्याचा नाद लागला. आपल्याकडे नाटकवेडे जसे अमुक नटाने अमुक अंकात कोणता शेला घेतला होता ते सांगतात, तशी ही माणसे. कोणत्या साली कोणाचे कोणते चाक निखळले हे त्यांना तोंडपाठ असते. लोक त्यांना हसतात. आमचे म्हणणे असे की हसू नये, आणि का हसू नये तेच आता सांगावयाचे आहे.

हा रस्ता १९०९ साली बांधला. वर खडी आणि डांबर होते. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये तेथे पहिल्या मोटार शर्यती झाल्या. रस्ता उखडला आणि तीन दिवसांत पाच माणसे मेली. त्यांत चालक एक, प्रेक्षक दोन; उरलेले दोघे कोण? हॅरी होलकोंब आणि क्लॉड केलम. हे दोघे मेकॅनिक होते, पण कोठे कडेला उभे नव्हते. ते धावत्या मोटारीत, चालकाच्या शेजारच्या आसनावर बसलेले होते.

त्या काळच्या शर्यतीच्या मोटारीत दोन माणसे असत. चालक सुकाणू धरी. शेजारचा मेकॅनिक हाताने पंप मारून तेलाचा दाब राखी, टायर कोठे झिजला ते बघे, मागून कोण येत आहे ते मान वळवून पाही आणि चालकाला खुणेने सांगे. इंजिनाच्या आवाजात बोलणे ऐकूच येत नसे. मोटार बिघडली की उडी मारून उतरणाराही तोच. धोका दोघांना सारखा. वर्तमानपत्रात नाव मात्र चालकाचे.

त्या अपघातांनंतर मालकांनी रस्ता विटांनी बांधून काढला. ६३ दिवसांत ३२ लाख विटा बसविल्या. या रस्त्याला अजूनही लाडाने 'विटांचे आवार' म्हणतात. आता मात्र अंतिम रेषेवर एक यार्ड रुंदीचा विटांचा पट्टा तेवढा उघडा ठेवला आहे. या विटांचे वर्ष प्रत्येक चाहता सांगेल. त्या बसविणाऱ्या गवंड्यांची नावे आमच्या वाचनात कोठे आली नाहीत.

१९११ च्या पहिल्या शर्यतीत चाळीस मोटारी होत्या. जिंकला रे हॅरून. त्याची मोटार पिवळी, मागे निमुळती, म्हणून तिला 'गांधीलमाशी' म्हणत. तिच्यात आसन एकच होते. मेकॅनिकचे वजन वाचवावे हा हिशेब. इतरांनी तक्रार केली की शेजारी माणूस नसेल तर याला मागचे दिसणार कसे? तेव्हा हॅरूनने चालकापुढे एक आरसा बसविला. मोटारीला मागचे पाहण्याचा आरसा लागल्याची ही फार गाजलेली जुनी हकिकत आहे, आणि चाहते ती कौतुकाने सांगतात. आम्ही ती वाचली तेव्हा निराळेच मनात आले. माणूस कमी करण्यासाठी आणलेले यंत्र हेच! गंमत पुढेच आहे. विटांवरून धावताना मोटार इतकी थरथरे की आरशात काही धड दिसतच नव्हते, असे हॅरूनने नंतर सांगितले. यंत्र चालले नाही, पण माणूस मात्र कमी झाला. श्रोत्यांत कारखान्यातले जे लोक असतील, त्यांना हा अनुभव नवा नाही. त्याच शर्यतीत सॅम डिक्सन नावाचा मेकॅनिक मोटारीतून फेकला जाऊन मेला.

१९१२ पासून मात्र नियमच झाला की शेजारी मेकॅनिक हवाच. त्या वर्षी राल्फ डीपाल्मा दोनशेपैकी १९६ फेऱ्या पहिला होता. दोन फेऱ्या राहिल्या असता इंजिनाचा दांडा तुटून बाहेर आला. डीपाल्मा आणि त्याचा ऑस्ट्रेलियन मेकॅनिक रूपर्ट जेफकिन्स खाली उतरले आणि त्यांनी ती अवजड मोटार ढकलीत अंतिम रेषेकडे आणली. लोक उभे राहून टाळ्या वाजवीत होते. ज्याने केवळ शेवटच्या दोन फेऱ्यांत आघाडी घेतली तो जो डॉसन जिंकला. हरलेल्याची हकिकत विजेत्याच्या हकिकतीपेक्षा अधिक टिकली. चाहत्यांच्या आठवणींचा हा गुण आम्हांला फार आवडतो. त्या नेहमी निकालपत्रकाप्रमाणे चालत नाहीत.

त्याच शर्यतीतली दुसरी गोष्ट. दहाव्या क्रमांकाला बक्षीस होते, पण सर्व फेऱ्या पुऱ्या केल्याशिवाय पैसे मिळणार नव्हते. राल्फ मलफर्ड विजेत्याच्या नंतर अडीच तासांनी, एकूण आठ तास त्रेपन्न मिनिटांनी पोहोचला. मध्येच थांबून त्याने तळलेली कोंबडी खाल्ली असे सांगतात. लोक घरी गेले, तरी हा आपला फेऱ्या घालतोच आहे! काम पुरे झाल्याशिवाय दाम नाही, हा कायदा त्याला पक्का ठाऊक होता.

१९२३ ते १९२९ मेकॅनिक ऐच्छिक झाला. १९३० पासून पुन्हा सक्तीचा. १९३० साली बिली आर्नोल्ड जिंकला, आणि त्याच्या शेजारी होता स्पायडर मॅटलॉक. या जोडीची हकिकत प्रत्येक चाहता सांगतो. १९३१ साली ते पुढे असताना अपघात झाला. आर्नोल्डचे ओटीपोटाचे हाड मोडले आणि मॅटलॉकचा खांदा. १९३२ साली पुन्हा पुढे असताना अपघात. या खेपेस आर्नोल्डचा खांदा मोडला आणि मॅटलॉकचे ओटीपोटाचे हाड. ऐकणारा हसतो. पण हिशेब पाहा. आर्नोल्डने त्यानंतर शर्यत सोडली. मॅटलॉक दुसऱ्या चालकाबरोबर बसू लागला आणि १९३६ च्या जानेवारीत लॉस एंजेलिसच्या मैदानावर त्या चालकासह मेला.

१९३६ सालच्याच दोन गोष्टी प्रसिद्ध आहेत. लुई मेयर तिसऱ्यांदा जिंकला आणि घामाघूम अवस्थेत त्याने बाटलीने ताक प्यायले. उन्हात ताक बरे, ही त्याच्या आईची शिकवण. आपल्याकडच्या कोणत्याही आईला हे पटेल! त्याचे छायाचित्र छापून आले, दूधधंद्यातल्या एकाने ते पाहिले, आणि पुढे विजेत्याने दूध पिण्याची प्रथा पडली. दुसरी गोष्ट म्हणजे रुपेरी करंडक. त्यावर १९११ पासूनच्या विजेत्या चालकांचे चेहरे चांदीत कोरलेले आहेत. रस्त्याचे मालक टोनी हलमन यांचाही चेहरा पुढे त्यावर बसविला, तो सोन्यात. चालक चांदीत, मालक सोन्यात. शेजारच्या आसनावर तितकेच मैल गेलेला मेकॅनिक त्यावर कोठेच नाही.

१९३७ नंतर दोन माणसांचा नियम गेला. येथे आमच्यासारख्याची पंचाईत होते. काम गेले म्हणून दुःख करावे, की जीव वाचले म्हणून समाधान मानावे? आम्ही विचारांती समाधान मानतो. ज्या कामात माणूस केवळ ओझे आणि बळी म्हणून बसतो ते काम गेलेलेच बरे. मात्र ते काम करून गेलेल्यांची नावे त्याबरोबर जाऊ नयेत.

आता आमच्या विषयाच्या अगदी जवळ येतो. १९४७ साली चालकांच्या संघटनेने बहिष्काराची भूमिका घेतली. मागणी साधी होती: गर्दी एवढी जमते, तिकिटांचे पैसे एवढे गोळा होतात, त्या मानाने बक्षिसाची रक्कम वाढवा. तडजोड होईपर्यंत फार उशीर झाला, आणि नेहमीच्या ३३ ऐवजी ३० मोटारीच धावल्या. या संपाविषयी चाहते थोडे बोलतात. त्या वर्षीच्या एका फळ्याविषयी फार बोलतात. एकाच मालकाच्या दोन मोटारी पुढे होत्या. बिल हॉलंड पहिला, मॉरी रोझ दुसरा. मालकाने फळ्यावर खूण दाखविली: 'सावकाश'. हॉलंडने आज्ञा पाळली. रोझने पाळली नाही. तो शेजारून पुढे गेला तेव्हा हॉलंडने हात हलविला. आपण एक फेरी पुढे आहोत अशी त्याची समजूत होती. रोझ जिंकला. १९४९ साली तोच फळा, तोच रोझ, आणि पुन्हा तीच अवज्ञा. या वेळी मोटार मोडली, हॉलंड जिंकला, आणि मालकाने रोझला कामावरून काढले. आज्ञाभंग यशस्वी झाला तर पराक्रम, फसला तर बडतर्फी! हे शास्त्र सर्व देशांत एकच आहे.

पुढील काळाची दोनच उदाहरणे देतो. १९६५ साली स्कॉटलंडचा जिम क्लार्क जिंकला. मागे इंजिन असलेल्या मोटारीचा तो पहिला विजय. पण इंधन भरण्याचे काम व्हर्जिनियाच्या वुड बंधूंच्या तुकडीने केले होते. दोन थांबे, आणि दर थांब्याला वीस सेकंदांच्या आसपास. शेजारचे आसन गेले, तरी मेकॅनिक गेला नव्हता. तो मोटारीतून उतरून कडेला उभा राहिला होता. १९६७ साली पार्नेली जोन्सची टर्बाइनची मोटार जवळपास सर्व शर्यत पुढे होती. तीन-चार फेऱ्या राहिल्या असता ती थांबली. कारण गिअरच्या पेटीतले एक बेअरिंग. ते अवघ्या सहा डॉलरचे होते, असे चाहते सांगतात. लाखांचे यंत्र आणि सहा डॉलरचा तुकडा! कारखान्यात ज्याला 'किरकोळ' म्हणतात त्याच्याशिवाय मोठे काही चालत नाही, हे याहून सोपे करून आम्हांला सांगता येणार नाही.

हे सारे जपले कोणी? दरवर्षी एकाच बाकावर बसणाऱ्या कुटुंबांनी, नभोवाणीवर कान लावून बसलेल्यांनी. आणि एकाने तर कमाल केली. डोनाल्ड डेव्हिडसन हा इंग्लंडमधला तरुण सिनेमागृहात प्रोजेक्टर चालवीत असे. त्याने घरबसल्या या शर्यतीचे निकाल पाठ केले. १९६४ साली तो स्वखुशीने इंडियानापोलिसला आला, आणि त्याने जुन्या चालकांना त्यांचीच कारकीर्द साल-क्रमांकासह म्हणून दाखविली. पुढच्या वर्षी शर्यत-संस्थेने त्याला नोकरी दिली. मग तो त्या मैदानाचा इतिहासकार झाला आणि वर्षानुवर्षे मे महिन्यात नभोवाणीवरून श्रोत्यांच्या प्रश्नांना समोर कागद न धरता उत्तरे देत राहिला. २०२० च्या अखेरीस तो निवृत्त झाला. हा मनुष्य आम्हांला आपला वाटतो. विद्यापीठ नव्हते, आवड होती आणि विसरावयाचे नाही असा हट्ट होता.

आता त्या वृद्ध गृहस्थांना दिलेले उत्तर. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात रात्रपाळीला प्रेसवर एका बदली हेल्परची बोटे गेली. हजेरीपटावर त्याचे नावच नव्हते. हा माणूस त्या रात्री आत नव्हताच, असे आम्हांला सांगण्यात आले. त्या वेळी दोन जुने कामगार उभे राहिले. त्याच पाळीत कोणत्या यंत्रावर कोण होते, डाय कोणी बदलली, चहा कोणी आणला, आणि तो पोरगा कोणाच्या शेजारी उभा होता, हे त्यांनी ओळीने सांगितले. एरवी त्यांच्या या बारीकसारीक आठवणींना आम्हीही हसत असू. त्या दिवशी त्या आठवणींवर भरपाई मिळाली.

म्हणून आम्ही म्हणतो, चाहत्यांच्या आठवणींना हसू नये. करंडकावर एकच चेहरा मावतो. शेजारी कोण होते, पंप कोण मारीत होते, मोटार ढकलावयास कोण उतरले, हे करंडक सांगत नाही. ते कोणीतरी पाठ करून ठेवावे लागते. श्रोतेहो, उद्या आपल्या गावातल्या पुलाचे, धरणाचे किंवा गिरणीचे उद्घाटन करणाऱ्याचे नाव दगडावर वाचाल, तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एवढेच विचारा: "आणि बांधावयास कोण कोण होते?" उत्तर मिळाले तर लिहून ठेवा. मिळाले नाही, तर विचारावयास आपण उशीर केला असे समजा.