चावा कुत्र्याचा, हिशेब कागदाचा

चाकणच्या कारखान्यांमधून दुसरी पाळी संपवून निघालेल्या कंपन्यांच्या बस मध्यरात्रीच्या सुमारास काळेवाडी फाट्यावर माणसे उतरवतात. तिथून विजयनगर, ज्योतिबानगरच्या गल्ल्यांपर्यंतचा शेवटचा टप्पा पायीच असतो. दुकाने बंद, रस्ता रिकामा आणि कचऱ्यापाशी कुत्र्यांची टोळी. डब्याची पिशवी सावरत चाललेल्या माणसाच्या पोटरीला चावा बसला, तर तो घरी जाऊन हळद भरतो, सकाळी दवाखान्यात पहिली लस टोचून घेतो आणि दुपारी पुन्हा कामावर जातो. जखम चिघळली, चार-पाच खाडे पडले आणि कंत्राटदाराने पैसे कापले, की मग घरात प्रश्न निघतो : याची भरपाई कोणी देते का?

मिळू शकते. मात्र महाराष्ट्रात त्याचे ठरलेले दरपत्रक नाही. आकडा प्रत्येक प्रकरणात सिद्ध करावा लागतो आणि त्याचा पाया पहिल्या दिवशीच्या केस पेपरवर घातला जातो. डॉक्टरांनी घाईत ‘कुत्रा चावला, लस दिली’ एवढेच लिहिले असेल, तर पुढे कितीही चांगला वकील मिळाला तरी त्याच्या हाती फारसे काही उरत नाही.

शेजारी काय चालते ते पाहण्यासारखे आहे. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये १९३ याचिकांवर एकत्रित निकाल देताना थेट मोजपट्टीच हातात घेतली. दाताच्या प्रत्येक खुणेमागे किमान १० हजार रुपये आणि मांस निघाले असेल तर जखमेच्या दर ०.२ सेंटिमीटरमागे किमान २० हजार. भरपाई देण्याची पहिली जबाबदारी सरकारची. सरकारने ती नंतर कसूर करणाऱ्याकडून वसूल करावी. कर्नाटक सरकारने २०२५ मध्ये वेगळा मार्ग धरला : चाव्यासाठी एकूण ५ हजार, त्यातले साडेतीन हजार जखमीच्या हातात व उरलेले उपचारासाठी, मृत्यू झाल्यास ५ लाख. म्हणजे मांस निघालेली एक सेंटिमीटरची जखम पंचकुल्यात लाखाच्या घरात जाते, तीच बेळगावात साडेतीन हजारांची ठरते. काळेवाडीत तिची किंमत पुराव्यावर अवलंबून. चंडीगडचा निकाल इथल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही. वकील त्याचा दाखला देऊ शकतात, एवढेच.

त्या मोजपट्टीचा उपयोग कसा होतो, हे दिल्लीतल्या एका महिलेच्या याचिकेत दिसले. तिने २०२५ मध्ये महापालिकेकडे २० लाखांची मागणी केली. त्यातले १२ लाख एकूण १२ सेंटिमीटर जखमेचे, ४ लाख २० हजार ४२ दातांचे आणि उरलेले मानसिक धक्क्याचे. कुत्र्याला ४२ दात असतात हे खरे, पण एका चाव्यात ते सगळे कधीच रुतत नाहीत.

डॉक्टरांच्या दृष्टीने या मोजपट्टीत मूळचीच एक खोट आहे. कुत्र्याचे सुळे लांब आणि निमुळते असतात. ते बाहेरून तांदळाएवढे भोक पाडतात आणि आत खोल जातात. पोटरीवर फाटलेली कातडी भयानक दिसते, पण स्वच्छ केली तर बहुधा भरून येते. बोटाच्या सांध्याजवळचे छोटे भोक मात्र फसवे. तिथे कातडीखाली लगेच स्नायुबंध आणि सांधा असतो, लाळेतले जंतू थेट आत पोचतात आणि दोन दिवसांत बोट सुजून वाकेनासे होते. सेंटिमीटरने मोजले तर या जखमेला जवळजवळ काहीच मिळणार नाही. असेंब्ली लाइनवर स्क्रू बसवणाऱ्याचे मात्र कामच जाऊ शकते.

न्यायालयांना हा फरक कळतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या मोटार अपघाताच्या प्रकरणात सांगितले, की शरीराचे अपंगत्व किती टक्के एवढ्यावर थांबू नये. त्यामुळे त्या माणसाच्या कमाईची ताकद किती घटली ते पाहावे. हात गमावलेला चालक आणि हात गमावलेला कारकून यांचे नुकसान सारखे नसते. चाव्याच्या दाव्यालाही हे तत्त्व लावता येते. उपचारांचा खर्च, बुडालेला पगार, वेदना, पुढे लागणारी शस्त्रक्रिया आणि कायमचे अपंगत्व असे हिशेबाचे रकाने तिथेही तेच. लहान मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट येते. त्यांची उंची कमी, त्यामुळे चावा चेहऱ्यावर आणि डोक्यावर बसतो. चेहऱ्यावरचा व्रण मुलाबरोबर वाढतो आणि त्यावरची शस्त्रक्रिया कधी कधी वर्षानुवर्षे पुढे ढकलावी लागते. म्हणून आजचे बिल जोडून भागत नाही; पुढच्या खर्चाबद्दल प्लास्टिक सर्जनचे लेखी मत लागते.

तर केस पेपरवर काय हवे? चावा शरीराच्या कोणत्या भागावर, किती जखमा, लांबी-खोली किती, रक्त आले का, आणि श्रेणी. कातडीला न भेदता नुसते ओरखडे, रक्त नाही, ही दुसरी श्रेणी. कातडी भेदून गेलेला एकही चावा असेल तर तिसरी. तिसऱ्या श्रेणीत लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन जखमेतच भरावे लागते. लसीमुळे शरीराची प्रतिकारशक्ती तयार होईपर्यंतची पोकळी ते भरून काढते. पहिल्याच दिवशी राहून गेले तर पहिल्या लसीपासून सात दिवसांपर्यंत देता येते, नंतर नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे जखम धुणे हा उपचार त्याही आधीचा, आणि हळदीने तो साधत नाही. रेबीजची लक्षणे एकदा दिसली की रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या आकडेवारीनुसार २०२४ मध्ये देशात ३७ लाख १७ हजारांहून अधिक चाव्यांची नोंद झाली आणि रेबीजने ५४ संशयित मृत्यू.

लसीचे कार्डही पुरावाच असते. कातडीत टोचायची लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. दंडात टोचायची असेल तर त्यात १४ वा दिवस वाढतो. शेवटचा डोस अनेक जण चुकवतात. जिवाला धोका तर आहेच, पण समोरच्या वकिलाला आयता प्रश्नही मिळतो : स्वतःच्या प्रकृतीची हेळसांड तुम्हीच केली ना?

पुढचा मुद्दा कुत्रा कोणाचा. पाळीव असेल तर मालकाला त्याचा स्वभाव माहीत होता का आणि त्याने काळजी घेतली का, यावर सगळे फिरते. पट्टा होता का, याआधी कोणाला चावला होता का, परवाना आणि लसीकरणाचे कागद आहेत का? मुंबईत नेपियन सी रोडवर २०१० मध्ये रॉटवायलर ७२ वर्षांच्या वृद्धाला चावला होता. त्या प्रकरणात मालकाला तीन महिन्यांची शिक्षा झाली, ती २०२३ मध्ये. आता भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. हा फौजदारी भाग झाला. भरपाईसाठी दिवाणी दावा वेगळा, पण फौजदारी प्रकरणातली कागदपत्रे तिथे उपयोगी पडतात.

भटके कुत्रे असेल तर बोट महापालिकेकडे जाते. निर्बीजीकरण आणि लसीकरण ही २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. मात्र पालिकेने कर्तव्यात कसूर केली, हे दाखवावे लागते. इथे शेजाऱ्यांच्या जुन्या तक्रारी सोन्यासारख्या असतात. ‘सारथी’वर किंवा क्षेत्रीय कार्यालयात याच गल्लीतल्या कुत्र्यांबद्दल चाव्याआधी तक्रार नोंदली असेल आणि तिचा क्रमांक जपून ठेवला असेल, तर ‘आम्हाला माहीतच नव्हते’ असे पालिकेला म्हणता येत नाही. तोंडी सांगितलेल्याला किंमत नाही.

आणि मुदत! महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४८७ नुसार पालिकेच्या कसुरीबद्दल दावा लावण्याआधी एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते आणि दावा सहा महिन्यांच्या आत दाखल करावा लागतो. कित्येक कुटुंबांचे सहा महिने जखम भरण्यात आणि कचेऱ्यांचे उंबरे झिजवण्यातच जातात. उच्च न्यायालयात रिट याचिकेची वाट असते, पण घटनेबद्दलच वाद असेल तर ते न्यायालय बहुधा दिवाणी न्यायालयाकडे बोट दाखवते. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रिया, मुले आणि औद्योगिक कामगार यांना कायद्यानेच मोफत वकील मिळतो.

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२६ मधल्या सुनावणीत चाव्यांसाठी राज्यांना जबर भरपाई द्यायला लावू, असा इशारा दिला होता. तो तोंडी शेरा होता. त्यावर विसंबून मुदत घालवू नये.

फाट्यावर उतरणाऱ्या कामगारांच्या हाती आणखी एक वाट आहे, आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. २०२५ पर्यंत राज्य विमा कायद्याच्या कलम ५१-ई मध्ये असलेल्या सूत्रानुसार घर आणि कारखाना यांच्या वाटेवरचा अपघातही, वेळ-जागेचा कामाशी संबंध दिसत असेल तर, कामावरचाच मानला जातो. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्याच्या रखवालदाराच्या प्रकरणात हेच सूत्र कामगार भरपाई कायद्यालाही लावले. पहाटेच्या पाळीला जाताना २००३ मध्ये त्याचा रस्त्यावर अपघाती मृत्यू झाला होता. तिथे कुत्र्याचा संबंध नव्हता, पण पाळीवरून परतताना बसलेल्या चाव्यासाठी हे सूत्र मांडायला जागा आहे. विमाधारकाला तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात सरासरी मजुरीच्या सुमारे ९० टक्के लाभ मिळतो. त्यासाठी मालकाचा किंवा कंत्राटदाराचा अपघात अहवाल लागतो, आणि अडते ते तिथेच. ‘कुत्रा चावला, त्यात कंपनीचा काय संबंध?’ असे सुपरवायझर म्हणतो आणि गडी गप्प बसतो. अशा वेळी पाळीचा हजेरी-पंच, बसमधून उतरल्याची वेळ आणि त्याच रात्रीचा केस पेपर एकमेकांशी जुळले, तर चिंचवडच्या मोहननगरमधील विमा रुग्णालयात जाताना हे तीन कागद सोबत ठेवावेत. जखमेचा पट्टी लावण्याआधी काढलेला फोटोही.