रुमाल, पेट्या आणि पांढरीची माती

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड छापला, त्या वेळी जुने कागद जपणे हा घराण्यांचा खासगी मामला होता. पहिल्या खंडातली १७५० ते १७६१ या काळातली पत्रे राजवाड्यांना वाईत मिळाली. पानिपताकडे सरकत गेलेल्या त्या अकरा वर्षांची धामधूम महाराष्ट्राने बखरींतून ऐकली होती. आता ती त्या काळच्या माणसांच्या हातच्या पत्रांत वाचायला मिळाली. सरकारकडे कागद नव्हते असे नाही. पुण्याचे पेशवे दफ्तर कोट्यवधी कागदांनी भरलेले होते, पण खासगी अभ्यासकाला तिथे सहजासहजी पाऊल टाकता येत नसे. ते दार बंद, म्हणून राजवाडे आणि त्यांच्यासारखे अभ्यासक दारोदार फिरले.

फिरणे सोपे नव्हते. देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, जोशी यांच्या वाड्यांत माळ्यावर आणि देवघरांत कागद पडून होते आणि मालक ते दाखवायला राजी नसत. इंग्रज सरकारच्या इनाम कमिशनने १८५० च्या दशकात सनदा तपासून कित्येकांची इनामे खालसा केली होती. ज्या घराने हा तडाखा सोसला, त्या घराने दाराशी आलेल्या परक्या विद्वानाला दप्तर उघडून दाखवावे तरी का? दुसऱ्या टोकाला बेफिकिरी होती. कागद रद्दीत गेले, वाण्याच्या पुड्यांना लागले, पवित्र म्हणून नदीत सोडले गेले. राजवाड्यांच्या चिडक्या स्वभावाच्या गोष्टी महाराष्ट्र चवीने सांगतो. पण जे त्यांच्या डोळ्यांदेखत नाहीसे होत होते ते पाहता, ती चीड समजण्यासारखी आहे.

असा एखादा रुमाल उघडताना पाहण्यासारखे असते. रुमाल म्हणजे चौकोनी कापडात गाठ मारून बांधलेला कागदांचा गठ्ठा. गाठ सुटली की आधी वास येतो, जुन्या कापडाचा, धुळीचा, कुणी ठेवले असेल तर वेखंडाचा. आत उभ्या घड्या घातलेले लांबट कागद असतात. मजकूर वाढला की एका कागदाला खाली दुसरा डकवलेला. बोरूने लिहिलेली मोडी, डोक्यावर आधी आखलेली लांब रेघ आणि तिला लोंबणारी अक्षरे. शाई काजळीची, त्यामुळे अडीचशे वर्षांनंतरही काळीभोर. ओली शाई सुकावी म्हणून लिहिणाऱ्याने वर वाळू भुरभुरलेली असे. आज घडी उलगडली की ते चकचकीत कण कधी कधी टेबलावर सांडतात. कसरीने मात्र कुणाची गय केलेली नसते. घडी घातलेल्या कागदाला तिने एका बाजूने भोक पाडले, की उलगडल्यावर तेच भोक रांगेत पाच-सहा ठिकाणी दिसते, आणि नेमका आकडा किंवा नाव त्यातून गेलेले असते.

७ जुलै १९१० रोजी राजवाडे आणि सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले, तेव्हा घराघरांतल्या या ऐवजाला पहिल्यांदा सामाईक पत्ता मिळाला. मंडळाचे खरे यंत्र म्हणजे पाक्षिक सभा. कुणी सापडलेला कागद आणायचा, तो वाचून दाखवायचा, बाकीच्यांनी तारखेवर, शिक्क्यावर, हस्ताक्षरावर कीस काढायचा आणि तावूनसुलाखून निघालेले टिपण छापायचे. या सभांना येणाऱ्या बऱ्याच जणांचा पेशा इतिहासाचा नव्हता. दत्तो वामन पोतदारांनी मंडळाचा संसार केला. ग. ह. खरे फारसी कागद, ताम्रपट, नाणी आणि मूर्ती अशा सगळ्यांना पुरून उरले.

या पद्धतीचे फळ १९१६ मध्ये दिसले. भोरजवळच्या कारीच्या जेधे देशमुखांच्या घरातली शकावली, म्हणजे सालवार नोंदींची यादी, लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि त्यांनी ती मंडळामार्फत प्रसिद्ध केली. तीत शिवाजी महाराजांचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीयेचा दिला होता. रूढ तिथीशी तो जुळेना. मग पुढची अनेक दशके पंचांगे, बखरी, जन्मकुंडल्या यांची खडाजंगी चालली. आज राज्य सरकार १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मानते, तिचा एक पाय त्या एका घराच्या कागदांत रोवलेला आहे. तो कागद वाड्यातच राहिला असता, तर वादाला तोंडही फुटले नसते.

राजवाडे स्वतः कुठल्याच संस्थेत फार काळ रमणारे नव्हते. पुण्याच्या मंडळींशी बिनसल्यावर अखेरच्या काळात त्यांनी धुळ्यात मुक्काम टाकला आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. मागे राहिल्या त्या कागदांनी भरलेल्या पेट्या. असा क्षण कोणत्याही संग्रहाला सर्वांत धोक्याचा. जमवणारा गेलेला असतो, वारसांना त्यातले कळत नाही, आणि जागा तर हवी असते. धुळेकरांनी वेळ दवडली नाही. भास्कर वामन भट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२७ मध्ये राजवाडे संशोधन मंडळ उभे केले आणि पेट्या गावातच राखल्या. पुढे त्याच मंडळाने खानदेशातली शिल्पे गोळा करून संग्रहालय केले, ‘संशोधक’ हे नियतकालिक चालवले आणि १९९५ ते १९९८ या काळात राजवाड्यांचे समग्र साहित्य तेरा खंडांत छापले. पुण्याशी भांडून गेलेल्या माणसाचे सारे लेखन शेवटी धुळ्याने बाहेर काढले, यात धुळेकरांना थोडा आनंद होत असेल तर तो त्यांचा हक्कच आहे. त्याच गावात शंकर श्रीकृष्ण देव यांनी समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते मठामठांतून मिळवली आणि १९३५ मध्ये त्यांच्यासाठी श्रीसमर्थ वाग्देवता मंदिर उभारले. देव नुसते ग्रंथ जमवून थांबत नसत. कोणता ग्रंथ कोणत्या मठातला, याचाही हिशेब ठेवत. एका जिल्ह्याच्या गावात अशा दोन संस्था, आणि दोन्ही लोकांच्या वर्गणीवर नि पदरमोडीवर.

साताऱ्याची गोष्ट वेगळी गेली. दत्तात्रय बळवंत पारसनीस हे राजवाड्यांचे समकालीन, पण स्वभावाने दुसऱ्या टोकाचे. संस्थानिक, गोरे अधिकारी, सरदार, सगळीकडे त्यांचा राबता. वाईजवळच्या मेणवलीचे नाना फडणविसांचे दफ्तर त्यांच्या हाती आले. चित्रे, नकाशे, दुर्मीळ ग्रंथ यांची भर पडत गेली. १९२५ मध्ये मुंबई सरकारने साताऱ्यात या संग्रहासाठी इमारत दिली आणि पुढच्याच वर्षी पारसनीस वारले. १९३९ मध्ये पुण्याचे डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून नव्याने सुरू झाले, तेव्हा हा सारा ऐवज तिकडे हलवण्यात आला. अभ्यासकांची सोय झाली, हे खरेच. पण ज्या जिल्ह्याच्या वाड्यांतून तो जमला, त्या साताऱ्याच्या हाती उरली रिकामी इमारत.

साताऱ्यात पुढे छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाचे शासकीय संग्रहालय झाले. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने २०२४ मध्ये वाघनखे तीन वर्षांसाठी उसनी दिली, ती त्या जुलैत पहिल्यांदा याच संग्रहालयात मांडली गेली. ती अफझलखानावर चाललेली वाघनखे असल्याची खात्री देता येत नाही, असे लंडनचे संग्रहालय स्वतःच सांगते. तरीही गर्दी व्हायची ती झालीच. साताऱ्यानंतर वाघनखे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात गेली. एका वस्तूने दोन संग्रहालये जोडली खरी, पण मेणवलीचे कागद साताऱ्याच्या शाळकरी मुलांपुढे कधी असेच मांडले जाणार, हा प्रश्न गर्दीत कुणी विचारला नाही.

कागदांकडून वस्तूंकडे वळले की वाट बदलते. कागद घरात सापडतो, वस्तू जमिनीत. १९४० च्या दशकात कोल्हापुरात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडातून प्राचीन अवशेष निघू लागले. राजाराम कॉलेजातले प्राध्यापक कुंदणगार यांनी ते हातचे जाऊ दिले नाहीत. पाठोपाठ १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकळिया आणि मोरेश्वर दीक्षित यांनी तिथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले. स्थानिक जाण आणि बाहेरचे शास्त्र यांची अशी गाठ नेहमी पडत नाही. रोमन बनावटीची समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती इथलीच. कोकणच्या बंदरातून घाट चढून ती सातवाहनांच्या काळात पंचगंगेपर्यंत आली असावी. मुंबई-दिल्लीला न जाता ती कोल्हापुरातच राहिली, कारण १९४६ मध्ये गावाने स्वतःचे वस्तुसंग्रहालय काढले होते. टाऊन हॉलच्या इमारतीत ती आजही आहे.

तेरला तर संस्था नव्हती, प्राध्यापकही नव्हता. धाराशिव जिल्ह्यातले हे गाव म्हणजे ग्रीक खलाशाच्या प्रवासवर्णनात पैठणासोबत उल्लेख असलेले तगर. गावाभोवती जुन्या वस्तीची पांढर पसरलेली. पाऊस पडून गेला की पांढरीतून मणी, नाणी, मातीच्या मूर्ती वर येत. गावातले व्यापारी रामलिंगप्पा लामतुरे त्या वेचत, गुराख्यांकडून, शेतकऱ्यांकडून घेत. त्यातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीत पाँपेई इथे सापडलेल्या मूर्तीच्या जातकुळीची निघाली आणि तेरच्या पेठेचे धागे कुठवर पोचले होते ते कळले. लामतुऱ्यांचा संग्रह पुढे शासनाला मिळाला आणि तेरमध्येच त्यांच्या नावाचे संग्रहालय झाले. एक उणीव मात्र मान्य करायला हवी. वेचलेल्या वस्तूला थर नसतो, म्हणजे ती किती खोलीवर आणि कशाच्या शेजारी होती ते नंतर सांगता येत नाही. नंतर झालेल्या उत्खननांनी ती कसर काही अंशी भरून काढली.

घरातले कागद आणि जमिनीतल्या वस्तू, या दोन्ही वाटांनी पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर गेले नाहीत. अकाली गेलेल्या राजा या मुलाच्या नावाने त्यांनी जो संग्रह केला, त्यात राजेरजवाडे कमी आणि स्वयंपाकघर जास्त आहे. अडकित्ते, दिवे, वज्री, फणेरपेट्या, दरवाजे, वाद्ये. इतिहास संशोधकांनी ज्या वस्तूंकडे ढुंकून पाहिले नसते, त्या केळकरांनी गावोगाव हिंडून, प्रसंगी घरचे दागिने मोडून घेतल्या. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून त्यांनी संग्रहालयात दालन उभारले. हा सारा संसार त्यांनी हयातीतच राज्य सरकारच्या हवाली केला. संग्राहकाने असे शहाणपण दाखवणे दुर्मीळच.

विदर्भात कामाची वाटणी आपसूक झाली होती. नागपूरचा ‘अजब बंगला’, म्हणजे तिथले मध्यवर्ती संग्रहालय, १८६३ पासूनचा आणि विदर्भ संशोधन मंडळ १९३४ चे. नांगराला लागलेला ताम्रपट कुठे तरी सुरक्षित ठेवायला हवा आणि तो वाचणाराही हवा. वाचणारे वा. वि. मिराशी होते. वाकाटकांचा इतिहास बराचसा त्यांनी अशा पत्र्यांवरून जुळवला.

एवढे सगळे असूनही कागद एकीकडे आणि वस्तू दुसरीकडे, ही फारकत महाराष्ट्रात शंभर वर्षे टिकली. मंडळे दफ्तरे जपत, संग्रहालये तलवारी. एका घराण्याची सनद पुण्यात, समशेर साताऱ्यात, आणि दोन्हींचा दुवा सांगणारी नोंद कुठेच नाही, असे होत राहिले. मुंबईत भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या जीर्णोद्धारासाठी २००३ पासून महापालिका, वारसा जपणारी इन्टॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान एकत्र आले आणि २००८ मध्ये ते पुन्हा खुले झाले. सगळ्यांनी मिळून करण्याची ती चांगली सुरुवात होती. मुंबईच्याच छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाची बस २०१५ पासून प्रदर्शन घेऊन गावांकडे जाते, हीही. राहिला प्रश्न कागदांचा. भारत इतिहास संशोधक मंडळाकडे पंधरा लाखांच्या घरात कागद आहेत. ते स्कॅन होऊ शकतील, पण वाचणार कोण?

हा प्रश्न अचानक सरकारी झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि तहसील कचेऱ्यांतले जुने कागद खाली काढले गेले. त्यातले कितीतरी मोडीत होते आणि कारकुनांना त्यातले अक्षर लागत नव्हते. मग मोडी जाणणाऱ्यांची शोधाशोध झाली. सापडले ते बहुतेक पुराभिलेख विभागाच्या किंवा अशाच एखाद्या मंडळाच्या वर्गात शिकलेले, हौस म्हणून लिपी गिरवलेले. आता त्यांच्यासमोर जातीच्या दाखल्याची वाट पाहणारी माणसे रांगेत उभी होती.