वेगवान ‘मूस्के’ आणि पेनांगची पहाट

मद्रासच्या तेलाच्या टाक्या पेटवणारी जर्मन क्रूझर ‘एम्डेन’ आपल्याकडे अजून आठवली जाते. २२ सप्टेंबर १९१४ची ती घटना. पण पाचच आठवड्यांनी तिच्यासमोर आलेली छोटी फ्रेंच विनाशिका ‘मूस्के’ फारशी कुणाला ठाऊक नसते.

‘मूस्के’ १९०२ साली पाण्यात उतरली. टॉर्पेडो, म्हणजे पाणतीर, घेऊन धावणाऱ्या छोट्या बोटींचा त्या काळी मोठमोठ्या युद्धनौकांना धाक वाटे. या बोटींना गाठून बुडवण्यासाठी विनाशिका जन्माला आली आणि पुढे तीही पाणतीर बाळगू लागली. पाठलाग करायचा तर वेग हवा आणि वेग हवा तर वजन कमी हवे. म्हणून ‘मूस्के’चे वजन जेमतेम ३०० टन. वेग २८ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ५२ किलोमीटर. ६५ मिलिमीटरची एक तोफ, ४७ मिलिमीटरच्या सहा आणि पाणतिराच्या दोन नळ्या. पोलादी चिलखत मात्र नाही. अंधारात जवळ जायचे, वार करायचा आणि निसटायचे, यासाठीच ती घडवलेली.

२८ ऑक्टोबर १९१४च्या पहाटे ‘एम्डेन’ खोटे चौथे धुराडे उभारून, ब्रिटिश नौकेचे सोंग घेत, मलायातल्या पेनांग बंदरात शिरली. तिथे नांगरलेली रशियन क्रूझर ‘झेमचुग’ तिने बुडवली. बाहेर पडताना तिने एक मालवाहू जहाज अडवले. एवढ्यात गस्तीवरून परतणारी ‘मूस्के’ दिसली. ‘एम्डेन’चे कप्तान फॉन म्युलर यांनी तपासणीला पाठवलेली माणसे परत बोलावली आणि ते जहाज वाचले.

‘मूस्के’ मात्र वाचणार नव्हती. उजाडले होते, समोर १०.५ सेंटिमीटरच्या दहा तोफांची नौका होती. अंधार नाही, जवळीक नाही. मग वेगाचा काय उपयोग? तरीही ‘मूस्के’ने तोफा डागल्या, पाणतीर सोडला. तो चुकला. थोड्याच वेळात ती बुडाली. कप्तान तेरोआन यांच्यासह चाळीसहून अधिक नौसैनिक गेले.

‘एम्डेन’ने ३६ जणांना पाण्यातून वर काढले, जखमींवर उपचार केले. जहाजावर मरण पावलेल्यांना लष्करी इतमामाने सागरात निरोप दिला. उरलेल्यांना दुसऱ्या जहाजाने तटस्थ डच बंदर सबांगकडे पाठवले.

९ नोव्हेंबर १९१४ रोजी कोकोस बेटांजवळ ‘एम्डेन’ची गाठ ऑस्ट्रेलियाच्या ‘सिडनी’शी पडली. ‘सिडनी’च्या तोफा मोठ्या होत्या. ‘मूस्के’ची गत तेव्हा ‘एम्डेन’च्या वाट्याला आली.