बार एकच, नेम आधी कागदावर तपासा

भात लोंबीवर आले की कोकणात राखणीचे दिवस सुरू होतात. रात्र-रात्र माळ्यावर बसायचे, डबे बडवायचे, चुडी फिरवायच्या. तरी डुकरांचा एक कळप शिरला, की सकाळी कुणगाभर भात आडवे झालेले दिसते. मग पीक संरक्षणाच्या परवान्याची बंदूक बाहेर निघते. वर्षभर न वाजलेली नळी, पावसाळ्यात दमटलेली दारू आणि वर काळोख! शेतकरी बंधूंनो, आजचे चार शब्द त्या बंदुकीविषयी.

हल्ली गावातली पोरे मोबाइलवर एक पिस्तूल दाखवतात. एकच गोळी मावणारे, वर दुर्बीण बसवलेले. ‘काका, असलं मिळालं तर डुक्कर सुटायचं नाही!’ असे म्हणतात. ते मिळणार नाही, पण त्याच्यापासून शिकण्यासारखे आहे.

अमेरिकेत थॉम्पसन सेंटर कंपनीने १९६७ साली ‘कंटेंडर’ नावाचे असे पिस्तूल बाजारात आणले. मधोमध मोडून उघडायचे, एक काडतूस घालायचे, मिटायचे आणि घोडा ताणायचा. १० इंची, १४ इंची अशा नळ्या बदलता येतात. तिकडे अनेक राज्यांत हरणाच्या शिकारीला पिस्तूल चालते. पण जाणता शिकारी नवे पिस्तूल घेऊन थेट रानात जात नाही. आधी तो मोकळ्या जागी मेज मांडतो, वाळूच्या पिशवीवर हत्यार टेकवतो आणि २५ वारांवर कागद लावतो. तीन बार काढून भोके कुठे पडली ते पाहतो, दुर्बिणीचे स्क्रू फिरवून फुली जाग्यावर आणतो. नंतर ५० वार, मग १००.

पिस्तुलाची दुर्बीण हात लांब करून बघायची असते, म्हणून ती फूट-दीड फुटावरून नीट दिसेल अशीच बनवतात. रायफलच्या दुर्बिणीला डोळा तीन-चार इंचांवर लागतो, ती इथे कामाची नाही. आता वाळूची पिशवी काढून घ्या. दुर्बीण जनावर मोठे दाखवते, तशी हाताची थरथरही मोठी दाखवते. फुली कागदभर नाचते. म्हणजे दुर्बिणीने दिसते चांगले, नेम काही आपोआप लागत नाही. आणि मागे दुसरी गोळी नाही, म्हणून टेकू मिळाला नाही तर शहाणा माणूस बारच काढत नाही.

तुम्ही म्हणाल, मग आम्हाला असले का नाही? १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळतो. ती पुरेशी नाही असे परवाना अधिकाऱ्याची खात्री पटली, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक मिळू शकते. तिची नळी २० इंचांपेक्षा आखूड चालत नाही. पिस्तूल त्यात बसत नाही. अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना वन खात्याकडे नाव नोंदवावे लागते, आणि तिथे नवा परवानाही मुख्य वन्यजीव रक्षकांच्या संमतीशिवाय मिळत नाही.

पण धडा आपल्या बंदुकीलाही लागू आहे. ठासणीची असो की एकनळी काडतुसाची, तुमचाही बार एकच. तेव्हा हंगामाआधी पोलीस ठाण्यात विचारून, पोलीस पाटलांना कळवून, दिवसाउजेडी आणि मागे मातीची दरड बघून ती कागदावर तपासा. छऱ्यांची जुनी कसोटी अशी, की ४० वारांवर ३० इंची वर्तुळात किती छर्रे लागतात ते मोजायचे. तोंडाशी न आवळलेल्या नळीचे १०० पैकी साधारण ४० लागतात, पूर्ण आवळलेलीचे ७०. राहिलेले कुठे गेले? आजूबाजूला पसरले! शेजारच्या बांधावरही कुणी राखणीला बसलेला असतो, हे विसरू नका.

बार उडाला नाही तर लगेच नळीत डोकावू नका. तोंड सुरक्षित दिशेला धरून निदान मिनिटभर थांबा. दमट दारू उशिरा पेट घेते. काम झाले की ठासणीची नळी गरम पाण्याने धुऊन, पुसून तेल लावा. काळ्या दारूची राख ओलावा धरते आणि लोखंड खाते.

आता सगळ्यात महत्त्वाचे. डुक्कर समजून माणसावर बार निघाल्याच्या बातम्या तुम्ही-आम्ही वाचतो. गोळी सुटली की ती परत बोलावता येत नाही. हललेले झुडूप म्हणजे जनावर नव्हे, बॅटरीत चमकलेले डोळे म्हणजे डुक्करच असे नव्हे. ते शेजाऱ्याचे वासरूही असेल. अख्खे जनावर आणि त्याच्या मागची जमीन दिसल्याशिवाय घोड्याला बोट लावू नका.

आणि बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारण्याचा परवाना नव्हे. वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून, रानडुक्कर अनुसूची दोनमध्ये आहे. पिकाला उपद्रव होत असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारण नोंदवून लेखी परवानगी देऊ शकतो. तशा परवानगीने मारलेले जनावरसुद्धा सरकारी मालमत्ता ठरते. वाटे घालायला बसलात तर गुन्हा अंगावर येईल. सरपंच आणि पोलीस पाटलांनी हे ग्रामसभेत एकदा वाचून दाखवावे. नुकसान झाले असेल तर पंचनाम्यासाठी त्याच दिवशी वनरक्षकाला कळवा.

चार पायली भात गेले तर पुढच्या साली पिकेल. माणूस गेला तर दोन घरे बसतात, मरणाऱ्याचे आणि मारणाऱ्याचेही. शंका आली की घोडा उतरवा आणि डबा वाजवा.