वरातीतल्या घोडीचे कान

उत्तर दिल्लीतलं हिंदूराव रुग्णालय तिथल्या कुठल्याही रिक्षावाल्याला ठाऊक असतं. ते नाव कागलच्या घाटग्यांचं, हे मात्र दिल्लीतल्या मराठी माणसालाही सांगावं लागतं. हिंदूराव घाटगे म्हणजे ग्वाल्हेरच्या राणी बायजाबाई शिंद्यांचे बंधू. 1835 मध्ये विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा खून झाला, त्यानंतर त्याची टेकडीवरची कोठी त्यांनी घेतली. पागा, मोतद्दार, चंदी, खरारा यांतच त्या पिढीचं आयुष्य गेलं. आज त्याच भागात घोडा दिसतो तो बहुधा लग्नसराईत, नवरदेवाखाली.

अशी वरात आली की नवरदेवाकडे सगळेच बघतात. एकदा घोडीचे कान बघा. एक कान बँडकडे, दुसरा लगाम धरलेल्या माणसाकडे, आणि दोन्ही सारखे फिरताहेत. म्हणजे कुठल्या आवाजाला भ्यावं, हेच तिला ठरवता येत नाही. फटाका वाजतो. मान वर जाते, नाकपुड्या फुलतात, डोळ्याचा पांढरा भाग दिसू लागतो, शेपूट घट्ट दाबली जाते, चारही पाय जागच्या जागी आपटू लागतात. कडेला उभे असलेले काका कौतुकानं म्हणतात, ‘वा, घोडी काय नाचतेय!’ ती नाचत नसते, पळायची वाट शोधत असते.

निश्चल उभी असलेली घोडीही सुखात असेलच असं नाही. घोडा मुळात शिकार होणारा प्राणी; दुखणं उघड केलं की जिवावर बेतायचं. म्हणून तो कण्हत नाही, पण चेहरा बोलतो. वेदना ओळखण्यासाठी संशोधकांनी 2014 मध्ये सहा खुणांची एक मोजपट्टी तयार केली: मागे ताठरलेले कान, आवळलेल्या पापण्या, डोळ्यावरचा ताण, घट्ट झालेला जबडा, आवळलेलं तोंड, ताणलेल्या नाकपुड्या. पुढच्याच वर्षी ससेक्स विद्यापीठातल्या अभ्यासकांनी घोड्याच्या चेहऱ्याच्या 17 वेगवेगळ्या हालचाली नोंदवल्या. कुत्र्याच्या भरतात 16. घोडा खरोखर निवांत असला की मागचा एक पाय मोडून टेकवतो, कान बाजूला सैल सोडतो, खालचा ओठ लोंबू देतो. वरातीत हे चित्र मी तरी पाहिलेलं नाही.

आपल्याला वाचण्यात मात्र तो तरबेज. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा टाप आपटून गणितं सोडवायचा. ऑस्कर फुंग्स्ट यानं तपासलं, तर प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसलं की हान्सही चुकायचा! बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित वर व्हायचं, तेवढ्यावर तो थांबायचा. लोकांनी याला फसवणूक म्हटलं; माझ्या मते गणितापेक्षा ही विद्या मोठी. 2016 मध्ये ससेक्सच्याच प्रयोगात 28 घोड्यांना माणसांचे फोटो दाखवले. रागीट चेहरा दिसताच त्यांनी तो डाव्या डोळ्यानं न्याहाळला, आणि हृदयाचे ठोकेही लवकर वाढले. म्हणजे खोगिरावर चढणारा नवरदेव घाबरलाय की चिडलाय, याचा अंदाज घोडीला त्याच्या करवल्यांच्या आधी येत असावा.

तेव्हा यंदा कुणाच्या घरी वरात असेल, तर घोडी ठरवताना दरासोबत आणखी एक विचारा: तोंडातला लगाम काटेरी तर नाही ना? असे लगाम 1965 च्या केंद्रीय नियमांनी बंद केलेले आहेत. फटाके तिच्यापासून दूर उडवा. तिच्या थेट मागून कधी जाऊ नका, तिथलं तिला दिसत नाही. खांद्याच्या बाजूनं, बोलत बोलत जवळ जा. आणि तिनं कान पार मागे, मानेला चिकटवले, तर फोटो राहू द्या, आधी मुलांना बाजूला घ्या.